गुलाबी प्रत

कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, अकरा दिवस एक लाल ठिपका बसून होता. "काही अपडेट बाकी आहेत," एवढंच तो म्हणायचा, आणि तेही कुणी बाण त्याच्यापर्यंत नेला तर. दुसऱ्या कुणी ठिपक्याला ठिपका म्हणून सोडून दिलं असतं. पण स्टोअरसाहेबांना 'बाकी' हा शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा.

अवजारांच्या कारखान्याचं भांडार त्यांनी चौतीस वर्षं सांभाळलं होतं. एक स्क्रू जरी बाहेर गेला तरी त्याची चिठ्ठी तीन प्रतींत फाटायची. पांढरी प्रत कचेरीत. पिवळी ज्यांनी माल मागवला त्यांच्याकडे. आणि गुलाबी प्रत माल घेणाऱ्याची सही लेवून साहेबांकडे परत. गुलाबी परत आली की काम संपलं. तोवर जीव टांगणीला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरातल्या किराणा सामानाची यादी अजून तीन प्रतींत निघत होती. पिवळी प्रत कुणाला द्यायची हे न कळल्यामुळे ती फ्रिजवर चिकटवली जायची.

त्यांच्या बायकोला सगळे तारबाई म्हणत. तार कचेरीत एकतीस वर्षं त्यांची बोटं कट्ट-कडकट्ट करत राहिली. कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, कुणाची 'ताबडतोब निघा' त्यांच्या हाताखालून गेली. पुढे तारा गेल्या, कचेरीला कुलूप लागलं, नाव मात्र राहिलं. बोलणंही तसंच राहिलं होतं, मोजून मापून, प्रत्येक शब्दाला पैसे पडत असल्यासारखं. त्यांची वाणी सैल सुटायची ती फक्त गाताना. त्यांच्या आईनं काम करता करता गुणगुणलेल्या ओळी दोघी बहिणींच्याच कंठात उरल्या होत्या. तारबाईंच्या, आणि त्यांच्या थोरल्या अक्काच्या.

त्या अक्काला उद्या पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अलीकडे तिच्या डोळ्यांपुढे धुकं उतरू लागलं होतं. बारीक अक्षर दिसेना, मोठं दिसे. म्हणून दोघा नवराबायकोंनी दोन वर्षं खपून आईची अडुसष्ट कवनं गोळा केली होती; अक्काला दिसेल अशा टपोऱ्या अक्षरांत त्यांचं छोटं पुस्तक करायचं होतं. तारबाई गायच्या, साहेब एका बोटानं टाइप करायचे. कॉम्प्युटर लेकीनं बाबांना निवृत्तीच्या दिवशी दिला होता, म्हणजे तो साहेबांच्या ताब्यात होता, आणि ज्याच्या ताब्यात वस्तू त्यानंच तिला हात लावायचा हा भांडाराचा कायदा. तारबाईंनी सहा वर्षांत एकदाही कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. त्या गात गात टेबलाच्या कडेवर बोटं वाजवायच्या, तेवढंच.

छापखानेवाल्यांनी सांगितलं होतं, "आज दुपारी एकपर्यंत फाइल आली तर उद्या सकाळी तीस पुस्तकं हातात. एकनंतर आली तर मग मशीन तीन दिवस दुसऱ्या कामाला जाईल."

पुस्तक काल संध्याकाळीच तयार झालं होतं. आता फक्त पाठवायचं. पण लाल ठिपका तसाच ठेवून फाइल पाठवणं म्हणजे भांडार न झाडता कुलूप लावणं. साहेब आंघोळ करून, केस विंचरून, बरोबर नऊ वाजता टेबलाशी बसले आणि त्यांनी ठिपक्यावर बोट दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. भरता भरता थबकली. मग मशीन स्वतःच बंद झालं आणि स्वतःच चालू झालं, आणि पासवर्ड मागू लागलं.

साहेबांनी पासवर्ड घातला. पडदा क्षणभर काळा झाला, एक पांढरी ओळ विजेसारखी चमकून गेली, आणि पुन्हा पासवर्डची चौकट समोर आली.

"चुकला असेल," असं म्हणून त्यांनी तो पुन्हा घातला, एकेक कळ मोजून. काळा पडदा. ओळ. चौकट.

साहेबांनी वही काढली आणि प्रत्येक वेळेला एक रेघ मारायला सुरुवात केली. सतरा रेघा झाल्या तेव्हा तारबाई चहा घेऊन आल्या.

"आत घेतोय," साहेब म्हणाले, "आणि लगेच बाहेर काढतोय. पासवर्ड खोटा असता तर तसं म्हणाला असता. हा तर म्हणतो, या, बसा, आणि बसायच्या आत चपला हातात देतो."

तारबाईंनी अठराव्या वेळेला पडद्याकडे पाहिलं. ओळ चमकली आणि गेली.

"जागा उरली नाही म्हणतंय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ते. इंग्रजीत."

"एवढ्या वेळात काय वाचता येतं? आणि जागा कसली लागते त्याला? अख्खं टेबल दिलंय."

तारबाईंनी खांदे उडवले. एकदा पाठवलेली तार त्या पुन्हा पाठवत नसत.

साडेनऊला शेजारचा फ्रिजवाला आला. तो फ्रिज, मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा; कुठलंही बिघडलेलं यंत्र ही त्याला आमंत्रणपत्रिका वाटायची. त्यानं पडद्याला कान लावला, मागून फुंकर मारली, स्वतःच्याच डोळ्यात धूळ उडवून घेतली आणि निदान केलं.

"पडदा गेलाय, साहेब."

"पण दिसतंय की."

"दिसतं ते शेवटचं दिसतं. आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. शेवटच्या दिवशी फार तरतरीत दिसत होते."

तो दुकानातून दुसरा पडदा घेऊन आला. जोडला. आता पासवर्डची चौकट दोन ठिकाणी दिसू लागली, आणि पासवर्ड घातल्यावर साहेबांना दोन्हीकडून बाहेर काढण्यात आलं.

"म्हणजे पडदा चांगला होता," साहेब म्हणाले.

"किंवा दोन्ही गेलेत," फ्रिजवाला म्हणाला. हार मानायची नाही हा त्याचा धंद्यातला नियम होता. त्यानं बाहेरच्या खोलीतला टीव्ही आणून जोडला. टीव्ही मोठा असल्यामुळे त्यावरचा नकारही मोठा दिसला. तीन पडद्यांवर तीन चौकटी बघून साहेबांना, एवढ्या संकटातही, कुठेतरी जरा बरं वाटलं. निदान तीन प्रतींत नाकारलं जात होतं.

"जागा नाही म्हणतंय," तारबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या. "आता तर हातभर लिहून आलं."

"वहिनी, ते सगळंच म्हणतात," फ्रिजवाला म्हणाला. "फ्रिजसुद्धा आवाज करतो. त्याकडे लक्ष द्यायचं नसतं."

अकरा वाजले. साहेबांचा चेहरा उतरू लागला. तारबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच, आईची ओळ म्हणू लागल्या.

दोघी बहिणी बहिणी, एका दिव्याच्या दोन वाती,
एक मंदावू लागता, दुजी धरी तिला हाती.

ती ओळ ऐकल्यावर साहेबांनी वही मिटली. आतापर्यंत त्यांनी लेकीला फोन केला नव्हता, कारण मग तिला सांगावं लागलं असतं की ठिपका त्यांनीच दाबला. पण आता अभिमान पांढऱ्या प्रतीसारखा कचेरीत जमा करायची वेळ आली होती.

लेक दूर दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअरचंच काम करायची. फोन उचलला तेव्हा ती कुजबुजत होती.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. पटकन सांगा. काय दिसतंय?"

"नाही म्हणतंय."

"काय नाही म्हणतंय?"

"सगळ्यालाच. आत घेतं आणि बाहेर काढतं. पडदे तीन लावून झाले."

"तीन का?" लेक म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. बाबा, पडद्यावर मध्येच काही उमटून जातं का? त्याचा फोटो काढा."

साहेबांनी फोटो काढला. फोटोत एक लख्ख सूर्य आला आणि सूर्यात फ्रिजवाल्याचं नाक आलं.

"आईला फोन द्या," लेक म्हणाली.

तारबाईंनी फोन कानाला लावला. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस," त्या सावकाश म्हणाल्या. "सकाळपासून तीच ओळ. दोघांना दोनदा सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि लेकीचा आवाज मोठा झाला. ती मीटिंग सोडून बाहेर आली होती.

"आई, डिस्क भरलीय. मशीनच्या पोटात तसूभर जागा नाही. बाबा, ऐकताय? तुम्हाला खिडक्या, चित्रं, बाण जे दिसतं ना, ते दाखवायला आत एक वेगळा प्रोग्रॅम असतो. डिस्प्ले सर्व्हर म्हणतात त्याला. तो कामावर आला की सगळ्यात आधी एक चिठ्ठी लिहितो, की अमुक माणूस आत आलाय, याला पडदा उघडून द्या. चिठ्ठी लिहायलाच जागा नाही, म्हणून तो बिचारा आल्या पावली परत जातो."

"हजेरी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या अदृश्य नोकराबद्दल एकदम आदर आला होता. "हजेरी लागल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. बरोबर आहे त्याचं. आपणच उगाच त्याला सकाळपासून सतरा वेळा..."

"पण डिस्क भरली कशी?" लेकीनं विचारलं. "गेल्या महिन्यात तर निम्मी रिकामी होती."

साहेब घसा खाकरले. "परवा तूच म्हणालीस, अपडेट करायच्या आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा."

"हो. मग?"

"काढली."

"किती?"

उत्तर फ्रिजवाल्यालासुद्धा माहीत होतं.

दोन वर्षांची गाणी, अक्काचं आणि तारबाईंचं तासन् तास केलेलं चित्रीकरण, घरातल्या यच्चयावत फोटोंसकट तो सगळा ढीग साहेबांनी काल संध्याकाळी, तारबाई अक्काकडे गेलेल्या असताना, आणखी दोनदा उतरवून ठेवला होता. मूळच्या फोल्डरला त्यांनी 'पांढरी' नाव दिलं होतं. मग 'पिवळी' आणि मग 'गुलाबी'. उरलेली जागा सकाळच्या अपडेटनं खाल्ली होती आणि घास अर्धवट घशात अडकला होता.

"बाबा, तिन्ही प्रती त्याच मशीनमध्ये?"

"मग कुठे?"

"एकाच कपाटात तीन प्रती ठेवल्या आणि कपाटच उघडेनासं झालं तर? तुमच्या कारखान्यात पांढरी कुठे जायची?"

"कचेरीत."

"आणि पिवळी?"

चौतीस वर्षं ज्या नियमावर साहेब उभे होते तो नियम काल संध्याकाळी त्यांनीच मोडला होता, आणि तो आता एक पोर त्यांना फोनवरून समजावून सांगत होती. ते खुर्चीतून उठले. खुर्ची रिकामी झाली.

"आई, तू बस," लेक म्हणाली.

तारबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भांडाराची किल्ली सोपवल्यासारखा हात पुढे केला.

लेकीनं तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या. तिन्ही पडदे काळेकुट्ट झाले. ना चौकट, ना चित्र, ना बाण. वरच्या कोपऱ्यात दोन शब्द आणि त्यांच्यापुढे एक बारीकशी पांढरी रेघ, उघडझाप करणारी.

"गेलं," फ्रिजवाला म्हणाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

पण तारबाईंची पाठ ताठ झाली होती. ती लुकलुकणारी रेघ त्यांना ओळखीची वाटली. रिकाम्या तारेवर दुसऱ्या टोकाला कुणी असलं की असंच वाटायचं: कुणी बोलत नाहीये, पण ऐकतंय.

"चित्र नाही, काही नाही. बरंय," त्या म्हणाल्या. "सांग."

"आधी पासवर्ड लागेल."

आता पेच असा पडला, की पासवर्ड फक्त साहेबांना ठाऊक होता. तो तीन पाकिटांत बंद होता आणि तिन्ही पाकिटं कुठे आहेत हे लिहिलेला कागद कॉम्प्युटरमध्ये होता. साहेबांनी फ्रिजवाल्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला, पण दाराच्या फटीइतकाच. साहेब वाकून बायकोच्या कानात पुटपुटले. तारबाईंच्या तार कचेरीची दोन अक्षरी खूण होती ती, जिनं त्या दिवसभर दूरदूरच्या कचेऱ्यांना साद घालायच्या. आणि पुढे एकोणचाळीस वर्षांपूर्वीची, दोघांच्या लग्नाची तारीख.

तारबाईंनी बोटं कळांवर ठेवली. त्यांनी तो टाइप केला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"बघा, कळासुद्धा गेल्या," दारातून आवाज आला.

"गुप्त मजकूर आहे," तारबाई म्हणाल्या. "उमटेल कशाला?" आणि मशीननं त्यांना आत घेतलं, आणि आतच ठेवलं.

मग पुढची पंधरा मिनिटं त्या खोलीत जे चाललं ते बघून साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. लेक एकेक अक्षर सांगत होती. तारबाई ते जसंच्या तसं परत म्हणत, मग टाइप करत, मग पडद्यावरचं उत्तर वाचून दाखवत. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. जिथे मोकळी जागा सोडायची तिथे त्या "जागा" म्हणत आणि अंगठा असा हलका टेकवत, की बोटं म्हातारी झालीयत हे कुणाला खरं वाटलं नसतं.

"आई, तुझी एकही चूक होत नाहीये," लेक म्हणाली. "माझ्या ऑफिसात नोकरी करतेस?"

"शब्द वाया घालवू नकोस. पुढचं सांग."

पुढे तीन फोल्डरांची यादी आली. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"यातले दोन काढावे लागतील, आई. आता हे नीट ऐक. हा हुकूम एकदा दिला की परत घेता येत नाही. विचारतसुद्धा नाही, की नक्की ना."

"तारही परत घेता येत नव्हती. सांग."

"कुठली ठेवायची? तिन्ही सारख्याच असतील."

"पांढरी," साहेब ताबडतोब म्हणाले. "नियमानं पांढरी मुख्य."

तारबाई पडद्याजवळ वाकल्या. "सारख्या नाहीत. पुस्तकाची फाइल पांढरीत आणि पिवळीत एकाच मापाची आहे. गुलाबीतली थोडी मोठी आहे."

"मोठी?" लेक म्हणाली. "बाबा, गुलाबीत नंतर काही घातलंत का?"

साहेब पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता, पण ते तो फिरत असल्यासारखे पाहत राहिले. "किरकोळ," ते म्हणाले. "पांढरीच ठेवा."

"एकच मजकूर दोन वाटांनी आला आणि जुळला नाही," तारबाई म्हणाल्या, "तर लांब असेल तो धरायचा. वाटेत शब्द गळतो. आपोआप वाढत नाही."

"आई बरोबर म्हणतेय," लेक म्हणाली.

"पण गुलाबीवर सही झालेली नाही," साहेब घाईनं म्हणाले. "सहीशिवाय गुलाबी प्रत पुढे पाठवता येत नाही."

फोनमध्ये कुणीतरी हसलं. दाराच्या फटीतही कुणीतरी हसलं. तारबाईंची बोटं हलली. एक अक्षर, दोन अक्षरं, जागा, एक छोटी आडवी रेघ. परत म्हणून दाखवलं. लेकीनं "हो" म्हटलं. पांढरी गेली. मग पिवळी गेली. काही आवाज झाला नाही, धूर निघाला नाही. काळ्या पडद्यावर ती बारीकशी रेघ पुन्हा लुकलुकत उभी राहिली. पुढच्या हुकमानं अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं झालं. त्याच्या पुढच्यानं त्या हजेरीवाल्या नोकराला पुन्हा कामावर बोलावलं.

तीन पडद्यांवर एकदम पासवर्डची चौकट आली. तारबाईंनी पासवर्ड घातला. पडदा काळा झाला. साहेबांनी वही उघडून रेघ मारायची तयारी केली.

मग उजाडलं. निळं आकाश, कोपऱ्यात फोल्डरं, आणि बाण आपल्या जागी शहाण्यासारखा उभा. लाल ठिपका गेला होता.

"टीव्ही बाजूला करू नका," फ्रिजवाला आत येत म्हणाला. "माझ्या मते त्यामुळेच झालंय."

बारा वाजून सदतीस मिनिटं झाली होती. साहेब वाऱ्यासारखे टेबलाकडे धावले. "आता मी बसतो. एकदा शेवटचं पान नजरेखालून घालतो आणि..."

"तुम्ही एकदा बघायचं म्हणजे एक वाजेल," तारबाई म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. त्यांनी गुलाबीतलं पुस्तक उघडलं, पूर्ण आहे की नाही ते पाहायला सरसर शेवटपर्यंत गेल्या, क्षणभर थांबल्या, मिटलं, आणि लेक सांगेल तशी फाइल छापखान्याकडे धाडली.

साहेब बायकोचा चेहरा निरखत होते. त्यावर काहीही नव्हतं. तो तार कचेरीतला चेहरा होता. लग्न ठरल्याची तार असो नाहीतर मोडल्याची, खिडकीतून बघणाऱ्याला जो कधी कळला नाही तो चेहरा. त्यांना एवढंच समजेना, की इतक्या वेगानं गेलेलं पान माणूस वाचू शकतो का. मग त्यांना सकाळची ती विजेसारखी ओळ आठवली आणि घाम फुटला.

फ्रिजवाल्याचा पडदा पोचवायच्या निमित्तानं ते त्याच्या दुकानात गेले आणि तिथून छापखान्याला फोन लावला.

"फाइल मिळाली, साहेब," छापखानेवाले म्हणाले. "अगदी वेळेत."

"त्यातलं शेवटचं पान काढता येईल का? चुकून आलंय."

"पानं मशीनवर चढलीसुद्धा. आता एक काढलं तर बांधणीच बिघडेल. आणि शेवटच्या पानाबद्दल वेगळी सूचना आलीय आम्हाला."

"कुणाची?"

"कट करतो साहेब, मशीन चालू आहे," असं म्हणून छापखानेवाल्यांनी फोन ठेवला.

ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ साहेबांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. किराणा सामानाची यादी त्यांनी एकाच प्रतीत केली. तारबाईंनी ती पाहिली आणि फ्रिजवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या घरी वीसेक माणसं जमली. लेकही पहाटेच्या गाडीनं येऊन दाखल झाली होती. तीस पुस्तकांचा गठ्ठा सोडला तेव्हा अक्कानं एक पुस्तक छातीशी धरलं, मग खिडकीच्या उजेडात नेलं, आणि पहिल्या पानावरचं टपोरं अक्षर तिला दिसलं. ती वाचू लागली. वाचता वाचता गाऊ लागली. तारबाईंनी आपला आवाज तिच्या आवाजाला लावला. एक मंदावला की दुसरा पुढे व्हायचा. अडुसष्ट कवनं होईपर्यंत कुणी खुर्ची सरकवली नाही.

मग अक्कानं शेवटचं पान उलटलं.

ते गुलाबी होतं. सगळं पुस्तक पांढऱ्या कागदावर, आणि हे एकच पान फिक्या गुलाबी कागदावर. साहेब सगळ्यात मागे, दाराच्या अगदी जवळ बसले होते; त्यांनी दाराचं अंतर डोळ्यांनी मोजलं. पण दारात फ्रिजवाला उभा होता.

अक्कानं पान उजेडात तिरकं धरलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं:

"उभ्या जन्मात ठेवली, चीज जिथली तिथं बाई,
हिच्या गाण्याला पुरेल, असं कपाटच नाही.
प्रती केल्या तीन तीन, पांढरी, पिवळी, गुलाबी,
चौथी मनात ठेवली, तिची कुणाकडं ना चावी."

अक्कानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, मनातल्या मनात चाल लावून बघितली.

"हे आईचं नाही," ती म्हणाली. "आई कधी भांडारात कामाला नव्हती."

मग जे हसू फुटलं ते खिडकीबाहेर ऐकू गेलं. लेकीनं डोळे टिपले, कशानं भरले होते ते तिलाही सांगता आलं नसतं. "बाबा," ती म्हणाली, "त्यात 'बाई' कुणाला म्हणालात?"

"चालीत बसत होतं," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

"डिस्क उगाच नाही भरली," लेक म्हणाली.

तारबाई उठल्या. त्यांच्या हातात त्यांचं पुस्तक होतं. गर्दीतून वाट काढत त्या दारापाशी आल्या आणि नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"वाचलंस तू काल," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"वाचायचं असतं. बोलायचं नसतं."

"आणि हा गुलाबी कागद?"

"तुमचाच नियम."

त्यांनी साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. या माणसाच्या खिशात सणावारालाही पेन असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. गुलाबी पानाच्या तळाशी जरा जागा उरली होती. तिथे त्यांनी तारेच्या अक्षरात, एकही शब्द वाया न घालवता लिहिलं:

'माल मिळाला. एकोणचाळीस वर्षं उशिरा. तक्रार नाही.'

आणि खाली सही केली, आणि ते पान उघडं ठेवूनच पुस्तक साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी ते चौतीस वर्षांच्या सवयीनं तपासलं. वरून खाली, खालून वर. सही नीट होती. मजकूर नीट होता.

"तारीख राहिली," ते म्हणाले. पण आवाज भांडारातला नव्हता.